पाच बाण नवमीचे आणि सहावा दसऱ्याचा

"वॉर्निशच लावायचंय ना, द्या इकडे," असं मी कानिफनाथ सरांना म्हणाले तेव्हा सोमवार होता, आणि माझ्या आवाजात त्या दिवशी जो विश्वास होता तो मला आजही आवडतो.

सर आमच्या यशोधराला तिरंदाजी शिकवतात. शनिवारी नगरला जिल्ह्याची निवड चाचणी होती. पहिल्या चार मुली पुढे विभागाला जाणार. आणि यशोचे जुने बाण पावसात भिजून केळ्यासारखे वाकले होते. तिचा प्रकार बांबूच्या धनुष्याचा आणि लाकडी बाणांचा, त्यामुळे दुकानातून धातूचे चकचकीत बाण आणून मोकळं होता येत नाही. सरांनी शेवगावच्या एका सुताराकडून साठ काड्या करून घेतल्या, सराफाच्या काट्यावर एकेक तोलली आणि त्यातल्या बरोबर सारख्या वजनाच्या सहा निवडून आमच्या दारात आणून ठेवल्या. सहाच. सातवी जुळली नाही.

"ताई, लाकूड उघडं राहिलं तर हवेतलं पाणी पितं," सर म्हणाले. "वरून पारदर्शक वॉर्निशचे दोन हात मारायचे. पातळ. सगळ्यांवर सारखे. मग शुक्रवारी संध्याकाळी मी टोकं आणि पिसं बसवतो. मी एका सुताराला विचारतो..."

तिथेच मी वरचं वाक्य म्हणाले.

मी बारावीनंतर शाळेत गेले नाही, पण शिकायचं थांबले असंही झालं नाही. मिक्सर मी उघडते. सोफ्याची कव्हरं मी शिवली. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर मी बदलते, तेव्हा आमचे हे बाजूला उभे राहून टॉर्च धरतात आणि नंतर लोकांना 'आम्ही बदलला' असं सांगतात. सहा काड्यांना वॉर्निश लावणं म्हणजे माझ्यासाठी चहा होईपर्यंतचं काम.

मंगळवारी मी राधाकृष्णच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"दार किती फुटी?" राधाकृष्णने डबा काढता काढता विचारलं.

"दार नाही. बाण आहेत."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चौघंही वळली. राधाकृष्णने चष्मा कपाळावर नेला.

"वहिनी, साहेबांशी काही झालं का?"

मी तिरंदाजी, निवड चाचणी, लाकूड, हवेतलं पाणी असं सगळं सांगितलं. त्याबरोबर चौघांनी आपापली कामं बाजूला ठेवली. एक म्हणाला, बाणाला जवसाचं तेल पाजा. दुसरा म्हणाला, चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवा, त्याचे आजोबा बैलगाडीच्या दांड्याला तेच लावायचे. मी म्हटलं, बैलगाडी पन्नास मीटर उडवायची नव्हती. तिसरा काही बोलला नाही, पण पुढे आठवडाभर रस्त्यात दिसला की "सुकलं का" एवढंच विचारायचा. चौथ्याला नेमकं काय चाललंय ते कळलं नव्हतं. त्याने मला शुभेच्छा दिल्या.

छोटा डबा नव्हता. एक लिटर पारदर्शक वॉर्निश, एक बाटली थिनर, दोन कागद पॉलिश पेपर आणि एक ब्रश घेऊन मी घरी आले.

ब्रशने घोटाळा केला. पहिल्याच काडीवर त्याचे तीन केस राहिले. काडी पेन्सिलपेक्षा थोडीशी जाड आणि हाताएवढी लांब. एका बाजूला फिरवावं तर दुसऱ्या बाजूला ओघळ येतो. ते केस काढताना माझं बोट चिकटलं, बोटाचा ठसा उमटला आणि तो घासून काढण्यात अर्धा तास गेला. अशा वेळी सामान्य माणूस सुताराला फोन करतो. मी पाठच्या अंगणात गेले आणि पाण्याच्या पाईपकडे बघत बसले.

एक इंची पाईप. तीन फूट लांब. खाली बूच बसवलं, पाईप खिडकीच्या गजाला उभा बांधला, आत वॉर्निश ओतलं. आता काडी वरून सोडायची, हळू मोजत वर काढायची. ब्रश नाही, केस नाही, सगळ्या बाजूंना सारखा थर. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी दोन पावलं मागे जाऊन त्या पाईपकडे असं बघितलं की फोटो काढायला कुणी नव्हतं याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी आमचे हे, म्हणजे सचिनराव, एस.टी. डेपोतून आले.

"हा पाईप कुठला?"

"मागे पडला होता."

"पडला नव्हता. ठेवला होता. वॉशिंग मशीनचं पाणी झाडांना न्यायचं होतं मला."

"कधी?"

"२०१९ पासून."

मी त्यांना चहा दिला. पहिला हात मंगळवारी झाला, रात्रीतून सुकला. बुधवारी सकाळी पॉलिश पेपरने हलकं घासून मी दुसऱ्यांदा काड्या बुडवल्या आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमट्यांनी एका ओळीत लटकवल्या. सहापैकी एकीचा चिमटा जरा खाली लागला होता. तो तिथेच चिकटून बसला. ती एक काडी मी सोडवून, घासून, परत बुडवायची म्हणून घरात आणून ठेवली. तारेवर राहिल्या पाच. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

मग मी अर्ज घेऊन क्रीडा विभागाच्या कचेरीत गेले. चाचणीसाठी यशोच्या साहित्याचा एक फॉर्म भरून, त्यावर शिक्का घेऊन शनिवारी न्यायचा होता. कचेरीतल्या हनुमंतरावांनी फॉर्म वाचायला घेतला. त्यांच्या टेबलावर संगणकाला झेंडूची माळ होती. स्टेपलरला, पंचिंग मशीनला आणि फायलींच्या कपाटाच्या किल्लीला हळदकुंकू होतं.

"बाणाचा रंग, पारदर्शक," हनुमंतराव वाचत होते. "मॅडम, पारदर्शक हा रंग नाही."

"मग लाकडी लिहा."

"लाकडी हा प्रकार झाला. वर लिहिलाय." त्यांनी विचार करून 'नैसर्गिक' असं लिहिलं आणि स्वतःच खूश झाले. "ओळख खूण रिकामी आहे."

"खूण नाहीये."

"निरंक चालत नाही. सहाही बाणांवर एकसारखी, न पुसणारी खूण लागते. नाहीतर लक्ष्यावरचा बाण कुणाचा, हे ठरवायचं कसं?"

"पेनने तिचं नाव घालते. आत्ता लिहून घ्या आणि शिक्का मारा."

हनुमंतरावांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे हात केला. स्टुलावर केळीचं पान होतं. पानावर शिक्का होता, शिक्क्याचं पॅड होतं, आणि दोघांवर फुलं होती.

"आज खंडेनवमी. शिक्का पूजेत बसलाय. आता उद्या दसरा झाल्याशिवाय उठत नाही. आणि उद्या सुट्टी. परवा सकाळी या."

"तो शिक्का आहे. तलवार नाही."

"मॅडम," ते म्हणाले, "या कचेरीत जे काय चालतं ते त्याच्यावरच चालतं."

मी रिक्षाने घरी आले, गेट उघडलं आणि तारेकडे बघितलं.

पाचही काड्यांवर हळदीचे ठिपके होते. एकाखाली एक, पाच-पाच. त्यांच्यावर कुंकवाचा एकेक. काड्यांना तांदळाचे दाणे चिकटले होते. चिमट्यांच्या मध्ये झेंडूची फुलं खोचली होती. तारेखाली विटेवर उदबत्ती जळत होती आणि तिची राख ओल्या वॉर्निशवर उडत होती.

कुंपणापलीकडून भागूबाई हसत उभ्या होत्या.

भागूबाई आमच्या शेजारी अठरा वर्षं आहेत. पासष्टीच्या. उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीला जाऊन आल्या, आता मुलगा आणि सून जातात. नवमीला त्या कोयते धुऊन अंगणात मांडतात, पूजा करतात, आणि मग ताटात पुरणपोळी घेऊन आमच्याकडे येतात. हळदकुंकवाची कुयरी मात्र कुंपणाच्या त्या बाजूला ठेवून येतात. आम्ही बौद्ध. आमच्यात नसतं हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं, त्यांनी "बरं" म्हटलं, आणि त्यानंतर हा विषय दोघींनीही काढला नाही. अठरा वर्षांत एकदासुद्धा.

"तुमच्यात करत न्हाईत मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तुला न्हाई इचारलं. तू न्हाई म्हणली असती. माझ्या कोयत्याची झाली, म्हणलं पोरीचं हत्यार का उपाशी ऱ्हावं? शनवारी तिला नेम धरायचाय ना?"

मी तोंड उघडलं. त्यांनी कडेवर ताट धरलं होतं. त्यात पुरणपोळी होती.

मी "छान झालंय मावशी" म्हणाले. असं मी का म्हणाले याचा खुलासा त्या रात्री मला घरातल्या दोघांनी मागितला आणि मला देता आला नाही.

भुवयांच्या चिमट्याने मी तांदूळ काढले. एकूण त्रेचाळीस. मग थिनरच्या बोळ्याने कुंकू पुसायला गेले तर त्याची गुलाबी रेघ व्हायला लागली, म्हणून लगेच थांबले. हळद तर लाकडात उतरून स्थायिकच झाली होती. यशोने काड्यांकडे बघितलं आणि कपाट उघडून जुने वाकलेले बाण बाहेर काढले. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ते बाण एकेक जमिनीवर लोळवून कुठला कमी वाकडा ते बघत होती.

"अगं, डब्यावर सूचना असतील की," सचिनराव म्हणाले.

"हळदकुंकू लागलं तर काय करावं, हे असेल का त्यात?"

त्यांनी डबा फिरवून फिरवून वाचला. नव्हतं.

मी सरांना फोन केला. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खेळाची माणसं हरायला शिकलेली असतात.

"घासू नका ताई. घासलं की वजन बदललं. रंग काही का असेना, सहाही सारखे पाहिजेत. सहावा कसा आहे?"

सहावा घरात, टेबलावर. कोरा, स्वच्छ, पारदर्शक. माझ्या कल्पनेतला बाण.

"मग एक तर पाच पुसा, नाहीतर एक रंगवा," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी स्वतः हळद कालवून एका जुन्या काडीवर पाच ठिपके काढून बघितले. माझी बोटं शिवणकामाची, बारीक. ठिपके आले मसुरीएवढे. भागूबाईंची बोटं चाळीस वर्षं कोयता धरलेली. त्यांचा ठिपका हरभऱ्याएवढा, एका बाजूला थोडा चपटा. सचिनरावांचा अंगठा लावून बघितला, तो रुपयाएवढा आला. दुसऱ्या कुणाच्या हाताने ते जमणार नव्हतं.

दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी, सकाळी आम्ही विहारात गेलो. वंदना झाली, भाषण झालं, खीर झाली. माझं अर्धं लक्ष काडीवर होतं, आणि तथागतांनी ते समजून घेतलं असावं. घरी आल्या आल्या, पांढऱ्या साडीतच, मी सहावी काडी पाईपमध्ये बुडवली आणि तास मोजला. वॉर्निश एका ठराविक वेळी असं होतं की बोटाला लागत नाही पण रंग धरतं. ती वेळ अर्धा तास टिकते. चिमट्यात काडी धरून, ती साडीला लागू नये म्हणून हात लांब करून, मी कुंपणापाशी गेले.

"मावशी, ह्याला पण लावा."

भागूबाईंनी काडीकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं.

"ह्यो कुठं हुता काल?"

"घरात राहिला."

"मग राहिला तो राहिला. पूजा नवमीची असती. आज कशी करू?"

अठरा वर्षांपूर्वी मी ज्यांना नको म्हटलं होतं, त्या आज मला नको म्हणत होत्या. माझा मान दुखावला, आणि त्याहून वाईट म्हणजे हसू येत होतं.

"मावशी, कालच्यातलंच समजा. उरलेलं."

"शिळी पूजा लावू का बाणाला? देव काय म्हणल?"

"देवाचं तुम्ही बघा. तुमचे हात मोठे म्हणून..."

"आणि तुमच्यात चालतं का?" त्यांनी आवाज खाली आणला. "आज तर तुमचा मोठा सण. आजच्या दिशी तू माझ्याकडून कुकू लावून घेतीस, तुमच्या मंडळींनी बघितलं मंजी?"

हा प्रश्न खरा होता. मी रात्रभर तोच विचार करत होते. काल झालं ते माझ्या पाठीमागे झालं होतं. आज मी स्वतः चालत आले होते. काडीवरचं वॉर्निश सुकत चाललं होतं, काडी लांब धरून माझा हात भरून आला होता, आणि भागूबाई न्याय करायला बसल्यासारख्या पायरीवर बसल्या.

"सहा सारखे नसतील तर यशोला उभं राहू देणार नाहीत," मी म्हणाले. "एवढंच आहे मावशी. दुसरं काही नाही."

त्या उठल्या आणि आत जाऊन हळदीची वाटी घेऊन आल्या.

"हे बघ. पूजा न्हाई ही. ह्यो रंग हाय. दाराला लावत्यात तसा. माझी नवमी बी मोडत न्हाई, तुझं बी काय बिघडत न्हाई."

"रंग आहे," मी म्हणाले.

"तू तिकडं तोंड कर. हात हलतोय तुझा. चिमटा मला दे."

मी तोंड फिरवलं. अंगणात कोयते अजून मांडलेले होते, वाळलेली फुलं तशीच. सून दिवाळीनंतरच्या प्रवासाची भांडी घासून ठेवत होती. पाठीमागे भागूबाईंच्या बांगड्या पाच वेळा वाजल्या, मग सहाव्यांदा. मग थोडा वेळ काहीच वाजलं नाही.

"झालं," त्या म्हणाल्या.

पाच हरभरे, एका बाजूला चपटे. एक कुंकू. सहाव्याला ओळखू शकेल असा माणूस अजून जन्मायचा होता.

संध्याकाळी सहाही काड्यांना मी वरून शेवटचा पातळ हात दिला. रंग आत, काच बाहेर. शुक्रवारी सकाळी शिक्का पूजेतून उठला होता आणि ताजातवाना दिसत होता. हनुमंतरावांनी ओळख खुणेच्या रकान्यावर पेन धरलं.

"हळदकुंकू," मी सांगितलं.

"धार्मिक खूण लिहिता येणार नाही. सरकारी फॉर्म आहे."

"धार्मिक नाही. काल असं ठरलंय."

"कुणाकडे ठरलं?"

"वरच्या पातळीवर," मी म्हणाले. त्यांनी लगेच 'पिवळे ठिपके पाच, लाल ठिपका एक' असं लिहिलं आणि खच्चून शिक्का मारला.

शनिवारी नगरला तपासणीच्या टेबलावर एक उंच बाई होत्या. त्यांनी फॉर्म वाचला, सहाही बाण ओळीने ठेवले, एकेक बोटांवर फिरवला, नखाने खरवडला, उन्हात धरला. यशो माझ्या शेजारी उभी. त्यांनी एक बाण उचलून वेगळा ठेवला. मला वाटलं, संपलं.

"वॉर्निश कुणी केलंय?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"ब्रशने?"

"पाईपमध्ये बुडवून."

त्यांनी तो वेगळा ठेवलेला बाण शेजारच्या माणसाला दाखवला. "हे बघ. असं पाहिजे. एक ओघळ नाही." मग तो बाण परत ओळीत ठेवला आणि फॉर्मवर सही केली. मी आजवर पुष्कळ परीक्षा दिल्या नाहीत, पण पास झाल्यावर कसं वाटतं ते मला त्या टेबलापाशी कळलं. पुढचे दोन तास यशोने काय केलं ते सरांनी बघितलं. मी मधूनमधून बघितलं. एरवी मी शेजारी बसलेल्या पालकांना पाईपची लांबी सांगत होते.

यशो तिसरी आली.

घरी आलो तेव्हा भागूबाई कुंपणापाशीच होत्या. यशोने त्यांच्या हातात बाणांचा भाता दिला. त्यांनी बाण बाहेर काढले, पिसांवरून हात फिरवला, आणि एकेक डोळ्यांजवळ नेऊन ठिपके बघितले.

"ह्यातला रंगाचा कोनचा?"

"मलाही ओळखू येत नाही आजी," यशो म्हणाली. "पण सहाही लागले."

यशो आत गेली. सचिनराव पाईप सोडवायला मागे गेले. त्यात अजून अर्धा डबा वॉर्निश होतं, ते कुठे ओतायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. भागूबाईंनी बाण भात्यात घातले आणि कुंपणावरून मला दिले. पण सोडले नाहीत.

"वृषाली, एक सांगू का. रंग लावला ना, तवा मी जरासे डोळे मिटले हुते. हात बी जोडले हुते. सवय, दुसरं काय. तुमच्यात चालतं का ते?"

कुंपणापलीकडे ओट्यावर त्यांच्या सुनेने घासलेलं पातेलं उभं होतं. दसऱ्याच्या दुपारीही ते तिथेच होतं, आरशासारखं लखलखीत, आणि मी तोंड फिरवलं होतं ते नेमकं त्याच्याकडे.

"मला कसं कळणार मावशी," मी म्हणाले. "माझं तोंड तिकडं होतं."